मदत हवी आहे: स्वीडनच्या राजघराण्याची खात्रीची माहिती जालावर कुठे मिळेल?

शमिका_ठाणे

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकातला एक लेख दरवर्षी माझ्या गळ्यात पडतो. यंदा मीच हौसेनं विषय सांगून बसले, ‘पहिली बेटी, गादीची धनीण’. स्वीडननं कायदा बदलून थोरल्या मुलीला गादीचा वारस केलं त्याची गोष्ट. आता पस्तावते आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं २०१९ च्या १० डिसेंबरला. नोबेलचा सोहळा बघत होते. अभिजित बॅनर्जी धोतर नेसून उभे होते (त्यांच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्यामुळे आमच्या घरात ते पदक परकं नव्हतंच) आणि पदक देत होते राजे कार्ल गुस्ताफ. आठवड्याभरापूर्वीच हे राजे-राणी भारतात येऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा बघून गेले होते. साध्या प्रवासी विमानातून उतरताना स्वतःची बॅग स्वतःच उचलणारा राजा तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. तेव्हापासून मी जमेल तसं वाचते आहे.

घोळ असा झालाय की एक व्हिडिओ म्हणतो, राजाची थोरली मुलगी व्हिक्टोरिया जन्मापासून युवराज्ञी होती. दुसरा म्हणतो, धाकट्या भावाचं पद काढून तिला दिलं. तिसऱ्यात तर राजाने म्हणे त्या कायद्यावर सही करायलाच नकार दिला. तिघांच्याही मागे तेच रडवेलं पियानो संगीत. विश्वास ठेवायचा कुणावर?

मला हवंय ते असं. रोजच्या घडामोडी गॉसिपशिवाय कुठे कळतात? तो कायदा मुळात वाचायला मिळेल का? बर्नाडॉट घराण्याचा, म्हणजे या राजांच्या घराण्याचा, जुना इतिहास धुंडाळायचा तर सुरुवात कुठून करू? आणि अंकात छापता येतील असे फोटो? स्वीडिश येत नाही. ब्राउझरमधल्या भाषांतरावर सगळी भिस्त. काल त्यानं मला ‘खुरांचा वार्षिक अहवाल’ वाचायला दिला. खूर कुठून आले, देव जाणे.

गणपतीच्या आत लेख द्यायचाय. प्लीज मदत करा.

उप्सालाकर

शमिकाताई, खुरांवरून हसून हसून वाट लागली. स्वीडिशमध्ये ‘होव्ह’ म्हणजे घोड्याचा खूर, आणि ‘होव्ह’ म्हणजेच राजदरबार. तुम्ही वाचत होतात तो दरबाराचा वार्षिक अहवाल. वर ‘होव्हेत’ नावाचं आइस हॉकीचं स्टेडियमही आहे स्टॉकहोमात, त्यामुळे नुसतं ‘होव्हेत’ शोधलंत तर सामन्यांचे निकालच वर येतील. ‘कुंगाहुसेत’, म्हणजे राजगृह, हा शब्द टाकून शोधा.

त्याच नावाचं दरबाराचं अधिकृत संकेतस्थळ आहे. इंग्रजी पानं आहेत, पण स्वीडिश बाजू जास्त भरलेली असते, म्हणून इंग्रजीत काही सापडलं नाही तरी स्वीडिश पान उघडून भाषांतर करून बघाच. तिथलं ‘कालेंदर’ हे रोजच्या घडामोडींसाठी सगळ्यात कामाचं पान. कोण कुठे जाणार, कुणाची भेट घेणार, सगळं तारीखवार. इन्स्टाग्रामवरही ते त्याच नावानं आहेत.

वर्षातले ठरलेले दिवस पाठ करून ठेवा: ३० एप्रिल राजाचा वाढदिवस, ६ जून राष्ट्रीय दिन, १४ जुलै व्हिक्टोरियाचा वाढदिवस (तो एलांद बेटावर साजरा होतो), सप्टेंबरात संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन, १० डिसेंबर नोबेल. या दिवसांच्या आसपास स्वीडिश टीव्हीच्या साइटवर भरपूर काही येतं, मात्र त्यातलं बरंचसं भारतातून उघडत नाही. नोबेलचा सोहळा नोबेलच्या स्वतःच्या साइटवर कुठूनही दिसतो.

आणखी एक गोष्ट, इथे भले भले पत्रकार घसरतात. ‘राजगृह’ वेगळं आणि ‘राजपरिवार’ वेगळा. ७ ऑक्टोबर २०१९ ला राजानं कार्ल फिलिप आणि मादलेन या आपल्या धाकट्या दोघांच्या मुलांना राजगृहातून वगळलं. ‘रॉयल हायनेस’ गेलं, सरकारी कार्यक्रमांची बांधिलकी गेली. पण ती मुलं राजपरिवारात आहेत, ड्यूक-डचेस या पदव्या आहेत आणि वारसांच्या रांगेतही ती आहेत. ‘नातवंडांचा हक्क काढून घेतला’ असं कुठे दिसलं तर ती साइट मिटून टाका.

फाटका_सदरा

आपल्याला काय करायचंय परक्या राजाचं? आपल्याकडे राजघराणी कमी आहेत का?

(तरीही वाचनखूण साठवली आहे.)

उप्सालाकर

राव, एक धागा आपल्याकडेही येतो. आत्ताच्या राजाचे आजोबा गुस्ताफ सहावे आडोल्फ. त्यांची दुसरी बायको राणी लुईस ही लॉर्ड माउंटबॅटनची सख्खी बहीण. आपले शेवटचे व्हाइसरॉय म्हणजे स्वीडनच्या राणीचे धाकटे भाऊ.

फाटका_सदरा

हे माहीत नव्हतं. शब्द मागे. चालू द्या.

कलम_कसाई

कायद्याबद्दल मी लिहितो. वकील आहे, पण इथलाच, तेव्हा बेतानं घ्या.

स्वीडनचा वारसाहक्काचा कायदा १८१० चा आहे आणि तो संविधानाचाच भाग आहे. स्वीडिश संसदेच्या, म्हणजे रिक्सदागच्या साइटवर तो अख्खा आहे, क्रमांक १८१०:०९२६. संविधानाचं इंग्रजी भाषांतरही तिथेच मिळतं, त्यामुळे ब्राउझरच्या नादी लागू नका. कायदा अगदी छोटा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. राजा शुद्ध इव्हँजेलिकल पंथाचा हवा, राजपुत्र-राजकन्यांनी सरकारच्या संमतीशिवाय लग्न केलं तर हक्क जातो, वगैरे कलमं तुमच्या लेखात मजा आणतील.

आता तुमचे तीन व्हिडिओ.

पहिला चूक. व्हिक्टोरिया १४ जुलै १९७७ ला जन्मली तेव्हा कायदा फक्त पुरुषांना वारस मानत होता. त्या दिवशी रांगेत पहिला नंबर होता राजाचे काका प्रिन्स बर्तिल यांचा. पाळण्यातली मुलगी रांगेत नव्हतीच.

दुसरा अर्धा खरा. १३ मे १९७९ ला कार्ल फिलिप जन्मला आणि जन्मतःच युवराज झाला. नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १९८० ला. म्हणजे साडेसात महिने युवराजपद त्याच्याकडे होतं. पण ‘काढून घेतलं’ म्हणताना तिथली पद्धत लक्षात घ्या. स्वीडनमध्ये संविधान बदलायचं तर संसदेनं तोच मसुदा दोनदा मंजूर करावा लागतो आणि मध्ये सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. ती निवडणूक झाली सप्टेंबर १९७९ मध्ये. एकदा आधी, एकदा नंतर. या दोन मंजुऱ्यांच्या वाटेवर हे पोर जन्माला आलं. तुमच्या लेखाचा गाभा मला तरी इथे दिसतो.

तिसरा साफ खोटा. १९७४ च्या राज्यघटनेपासून, म्हणजे १ जानेवारी १९७५ पासून, राजाला कायद्यावर सही करण्याचा अधिकारच नाही. जे हातात नाही त्याला नकार कसला? नाराज मात्र ते होते. जानेवारी २०२३ मध्ये सरकारी टीव्हीवरच्या माहितीपटात ते बोलून गेले की आधी जन्मलेल्या मुलावर मागाहून केलेला कायदा लागू करणं बरं नव्हे. गदारोळ झाला आणि मग दरबाराच्या साइटवर त्यांचा खुलासा आला की आपण लेकीच्या पाठीशी नाही, या समजुतीनं फार दुखावलो आहे. खुलासा, माहितीपटाच्या बातम्या आणि १९७९ ची संसदेतली कागदपत्रं, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. १९७१ पासूनची कागदपत्रं संसदेच्या साइटवर शोधता येतात. दरवर्षी कुणी ना कुणी खासदार राजेशाही बंद करण्याचा प्रस्ताव आणतो, तेही तिथेच. नुसते भक्तांचेच लेख वाचू नका.

जुनी_पोथी

जुन्या इतिहासाचं मी सांगते. मी तीन वर्षं स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याच्या खुनामागे लागले होते. (म्हणजे वाचत होते हो.)

पहिली गोष्ट स्पेलिंग. १९०६ पर्यंत स्वीडिश लेखन वेगळं होतं. आजच्या एका ‘व्ही’च्या जागी कुठे ‘एफ’, कुठे ‘एफव्ही’, कुठे ‘एचव्ही’. राजाचं नावही कधी गुस्ताव, कधी गुस्ताफ. कार्लचा ‘क’ कधी ‘सी’नं, कधी ‘के’नं. आजचं स्पेलिंग घालून १८४४ चं वर्तमानपत्र शोधलंत तर शून्य निकाल येतील आणि तुम्हाला वाटेल काही नाहीच. सगळी रूपं घालून बघा.

दुसरी गोष्ट टाइप. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अंक घरबसल्या फुकट दिसतात, अलीकडचे तिथल्या ग्रंथालयांत जाऊनच. पण त्या काळचा बराच मजकूर गॉथिक वळणाच्या अक्षरांत आहे. यंत्राला ‘एन’ आणि ‘यू’ वेगळे कळत नाहीत, लांब ‘एस’ त्याला ‘एफ’ वाटतो. बर्नाडॉट घराण्यातला पहिला राजा कार्ल चौदावा योहान, त्याच्या मृत्यूची बातमी (८ मार्च १८४४) मला ‘राजा’ शब्दानं मिळालीच नाही. शेवटी तारीख धरून अंक उघडला आणि एकेक पान डोळ्यांनी चाळलं. मोडी वाचणाऱ्यांना यात नवीन काही नाही.

तिसरी गोष्ट तारखा, आणि इथे फसू नका. १७५३ पर्यंत स्वीडन जुनं ज्युलियन पंचांग पाळत होतं. त्यात १७०० मध्ये त्यांनी हळूहळू नव्यावर, म्हणजे आजच्या पंचांगावर, जायचं ठरवलं, चाळीस वर्षं लीप दिवस गाळायचे म्हणून. पहिला गाळला, मग युद्धाच्या धामधुमीत पुढचे गाळायला विसरले. आता ना जुनं ना नवं. मग १७१२ मध्ये परत मागे फिरले आणि त्यासाठी त्या वर्षी फेब्रुवारीला ३० तारीख दिली. ३० फेब्रुवारी! राजा कार्ल बारावा लढाईत मेला ती तारीख स्वीडिश पुस्तकांत ३० नोव्हेंबर १७१८ आणि कुठे कुठे ११ डिसेंबर. दोन्ही बरोबर.

आणि हो, आत्ताचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ, पण हा सोळावा खरा सोळावा नाही. सोळाव्या शतकात योहानेस मॅग्नुस नावाच्या बिशपनं इतिहास लिहिताना पुराणातले राजे भरून घातले, त्यात सहा कार्ल निव्वळ कल्पनेतले. पुढचे खरे राजे त्याच हिशेबानं आकडे लावत गेले.

आता कुठे वाचायचं. ‘रुनेबर्ग प्रकल्प’ १९९२ पासून चालू आहे, जुने स्वीडिश ज्ञानकोश आणि दरबारी पंचांगं तिथे पान न् पान आहेत. अनुक्रमणिकेत तीन जादा स्वर झेडनंतर येतात, म्हणजे ‘एलांद’ (त्याचा पहिला स्वर त्यातलाच) शोधायला शेवटी जा. व्यक्तींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवरचा स्वीडिश चरित्रकोश. बायकांचा वेगळा चरित्रकोशही आहे आणि तो इंग्रजीतही आहे, राणी क्रिस्तीनावरची नोंद जरूर वाचा. राजवाड्याचं दफ्तर अभिलेखागाराच्याच अखत्यारीत येतं, पण बर्नाडॉट कुटुंबाचे खासगी कागद राजाच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका, गणपती निघून जातील.

उप्सालाकर

दफ्तरावरून आठवलं. इथे सरकारी कचेरीतला कागद कुणीही मागू शकतो, १७६६ पासूनचा हक्क आहे. दरबार मात्र त्यातून बाहेर. म्हणून खर्चाचं काही लिहिणार असाल तर तुमचा तो खुरांचा अहवालच आधार.

जुनी_पोथी

फोटो राहिलेच. राजवाड्याच्या तळघरातलं राजशस्त्रागार संग्रहालय आणि राष्ट्रीय कलासंग्रहालय, दोघांनीही पुष्कळ चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर मोकळी केली आहेत. गुस्ताव तिसऱ्यानं १६ मार्च १७९२ ला मुखवट्यांच्या नाचात घातलेले कपडे बघा. झगझगीत काही नाही, काळपट-राखाडी कापड, आणि कमरेच्या मागे गोळीनं फाटलेली जागा. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला होता. आजच्या लोकांचे फोटो मात्र दरबाराच्या पानावरून घ्या, तिथल्या अटी वाचून, आणि फोटोग्राफरचं नाव दिल्याशिवाय छापू नका.

शमिका_ठाणे

मंडळी, कुणाकुणाचे आभार मानू? रात्री दीडपर्यंत बसले होते.

संसदेच्या साइटवरचा कायदा मिळाला. कलमकसाई म्हणाले तसंच, चहा संपायच्या आत संपला. पहिल्याच कलमात स्त्री आणि पुरुष दोघं वारस म्हटलेत, पण फक्त कार्ल सोळाव्याच्या वंशातले. मी दोनदा वाचलं. म्हणजे त्यांच्या बहिणींना त्याचा काहीच उपयोग नाही! चारही थोरल्या. हा शेवटी जन्मला, एकटा मुलगा, म्हणून गादी त्याची. वडील १९४७ मध्ये कोपनहेगनच्या विमान अपघातात गेले तेव्हा हा नऊ महिन्यांचा. ज्या नियमानं चार बहिणींना ओलांडून गादी मिळाली, तोच नियम त्याच्या मुलापाशी येऊन मोडला. माझा लेख इथून सुरू होणार. पियानो नको.

एकच शंका उरली. घराण्याचं नाव मराठीत कसं लिहू? बर्नाडॉट, बर्नादोत, बर्नाडोटे, तिन्ही दिसतात.

उप्सालाकर

घराण्याचा मूळ पुरुष फ्रान्समधल्या ‘पो’ या गावचा, तिथे ‘बर्नादोत’. इथले लोक ‘बॅर्नादॉत’ म्हणतात, द आणि त दोन्ही दातांना जीभ लावून. शेवटी ‘टे’ कुणीच म्हणत नाही. मराठीत ‘बर्नाडॉट’ बऱ्यापैकी रुळलंय, तेच ठेवा, फक्त अख्ख्या लेखात एकच ठेवा.

फाटका_सदरा

अंक आला की धाग्यावर सांगा. मी विकत घेईन.