'टॉयलेट ऑफ व्हीनस'ला मराठीत काय म्हणावं?

एका शब्दापाशी अडलेय. चित्रकलेवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र आलंय, 'द टॉयलेट ऑफ व्हीनस'. काळ १६४७ ते १६५१च्या दरम्यानचा. व्हीनस, म्हणजे रोमन लोकांची प्रेमाची देवी, आपल्याकडे पाठ करून पहुडली आहे आणि तिचा पंखवाला मुलगा क्युपिड तिच्यासमोर आरसा धरून बसलाय. फोनमधल्या भाषांतराला विचारलं तर उत्तर आलं, 'शुक्राचे शौचालय'. हसून झालं, पण नाव काही मिळालं नाही.

———

'व्हीनसचे प्रसाधन'. यात अडण्यासारखं काय आहे?

———

काका, शब्द अचूक आहे, पण प्रसाधनगृह म्हणजे काय हे आता एसटी स्टँडवर कुणालाही विचारा. वाचक पुन्हा तिथेच जाऊन पोचणार.

———

मला तर या दोन शब्दांच्या जोडीचंच नवल वाटतं. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड, 'त्वालेत' म्हणजे छोटं कापड. केस विंचरताना खांद्यावर टाकायचं किंवा शृंगाराच्या मेजावर अंथरायचं. कापडावरून नाव मेजाला गेलं, मेजावरून नटण्याच्या क्रियेला, मग त्या खोलीला, आणि शेवटी भांड्याला. आपलं 'प्रसाधन' कापडातून आलेलं नाही, तरी उतरलं त्याच जिन्याने. कालिदासाच्या एका श्लोकात प्रसाधिका, म्हणजे नटवणारी दासी, बाईच्या पायाला अळता लावत असते. वरात आल्याचं कळताच बाई ओला पाय तिच्या हातातून ओढून घेते आणि खिडकीपर्यंत लाल पावलं उमटवत धावते. आता त्याच शब्दाला 'गृह' जोडलं की नाकाला रुमाल!

जुना अर्थ मेलेला मात्र नाही. 'सौंदर्यप्रसाधने' वाचताना कुणी दचकत नाही. अंगाच्या साबणाच्या वेष्टणावर 'टॉयलेट सोप' असतं, तरी आपण तो तोंडाला लावतोच की.

———

'शृंगार' का नको? नाहीतर सरळ 'वेणीफणी'.

———

शृंगार म्हटलं की आधी रस आठवतो, आणि इथे मॉडेल उघडी असल्याने गैरसमज पक्का. वेणीफणी हा शब्द गोड आहे, पण चित्रात फणी कुठाय? दागिनाही नाही. आहे तो फक्त आरसा, त्याला अडकवलेली गुलाबी फीत, आणि काचेत धूसर चेहरा. स्पॅनिश लोक म्हणूनच या चित्राला 'आरशाची व्हीनस' म्हणतात. ते नाव उचला, टॉयलेटचा प्रश्नच मिटला.

जाता जाता, आपला 'आरसा' आला संस्कृत 'आदर्श'वरून. सौंदर्याच्या आदर्शाने आदर्शात पाहावं, असलं काहीतरी लिहायचा मोह होईल. आवरा.

———

आवरते! मग 'आरशात पाहणारी व्हीनस' ठेवते.

———

ताई, थांबा. चित्र पुन्हा बघा. काचेत तिचा चेहरा आपल्याला दिसतो ना? मग त्याच वाटेने तिला आपण दिसणार. ती स्वतःला न्याहाळत नाहीये, आपल्याला न्याहाळतेय. तेव्हा 'आरशात' नको, 'आरशातून' हवं. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातली दर्पणसुंदरी खरोखर आरशात पाहते, आपण तिच्या खिजगणतीतही नाही. या बाईचं तसं नाही.

———

हे पटलं. एका प्रत्ययात चित्र फिरलं की.

पुढचा प्रश्न. लेखात हिलाच 'रोकबी व्हीनस' म्हटलंय. हा रोकबी कोण?

———

कोणी नाही. ते तेव्हाच्या यॉर्कशरमधल्या एका हवेलीचं नाव. १८१३ साली चित्र इंग्लंडात आलं आणि त्या हवेलीत लागलं. १९०६ मध्ये नॅशनल गॅलरीत गेलं, १९१४ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मेरी रिचर्डसन या बाईंनी, त्याच चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या अटकेच्या निषेधात, त्यावर सुऱ्याचे वार केले. पाठ नंतर सांधली. मिलोच्या व्हीनसचंही तेच. 'मिलो' हा शिल्पकार समजणारे बरेच भेटतात. ते मेलॉस बेट, १८२० साली मूर्ती तिथे सापडली. मूर्ती ग्रीक, म्हणून खरं तर ती ॲफ्रोडाइटी. पण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेली आणि रोमन नावानेच गाजली.

———

आणि शुक्र? फोन अगदीच चुकला का?

———

ग्रहापुरता बरोबर. फ्रेंच 'वांद्रदी' म्हणजे व्हीनसचा वार, आपला शुक्रवार. ग्रह एकच, दैवतं निराळी. आपला शुक्र पुरुष, दैत्यांचा गुरू. चित्राखाली 'शुक्र' लिहिलंत तर वाचकाला झारीतले शुक्राचार्य दिसतील. व्हीनसचं खरं नातं आहे ते 'वनस्' या वैदिक शब्दाशी. वनस् म्हणजे ओढ, आवड. इंद्राच्या 'गिर्वणस्' या विशेषणात, म्हणजे स्तुतीची आवड असलेला, तो लपलाय. तरी नाव व्हीनसच ठेवा, व्ही दीर्घ.

———

ठरलं. 'आरशातून पाहणारी व्हीनस'. आता तीन पानांनंतर फ्रेंच चित्रकार बूशेचं १७५१ सालचं चित्र येतंय, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. नाव पुन्हा तेच, टॉयलेट. भोवती बालमदन, कबुतरं, मोती, रेशमाचे ढीग.

———

तिथे बिनधास्त 'साजशृंगार'.