स्पर्धांवरचे सिनेमे सुचवा, शेवटी कप उचललाच पाहिजे असं नाही

सारीपाट:
मुलगी नऊ वर्षांची. बुद्धिबळ चांगलं खेळते, घरात आम्हा सगळ्यांना हरवते, पण स्पर्धेचं नाव काढलं की पोटात दुखायला लागतं. मागे एकदा पहिलाच डाव हरली आणि पुढच्या फेऱ्यांना बसायलाच तयार होईना. समजावून झालं, आमिषं दाखवून झाली. आता व्याख्यानं बंद, सिनेमे सुरू.

सगळ्यांनी एकत्र बसून बघता येईल असं सांगा. धाकटा सहा वर्षांचा, म्हणून रक्तबंबाळ काही नको. सासूबाई सबटायटल वाचत नाहीत, पण शेजारी बसून कोणी सांगत राहिलं तर त्यांचं काही म्हणणं नसतं. आणि समोरचा खेळाडू म्हणजे राक्षस, असले सिनेमे नकोत. शेवट बिनधास्त फोडा, मला शेवटच कळायला हवाय.

पटपंच:
मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धांना पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय, त्यामुळे तुमची मुलगी मी पाहिलेली आहे असं म्हणायला हरकत नाही. दर स्पर्धेत एक तरी असतेच.

'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' (1993) बघा. नावावर जाऊ नका, बुद्धिबळाचा जगज्जेता फिशर त्यात जुन्या चित्रफितींपुरताच आहे. गोष्ट जॉश वेट्झकिन या खऱ्याखुऱ्या मुलाची. सात वर्षांचा पोरगा एकामागून एक स्पर्धा जिंकत सुटतो आणि एका महत्त्वाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत, अगदी कच्च्या खेळाडूकडून, सात चालींत हरतो. बाप चिडतो. पण पोराचं गणित सरळ आहे: आपण सगळ्यांत वरचे नसलो तर हरलं तरी चालतं. पोटात दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

शेवटी त्याला पुढच्या बारा चालींतला विजय दिसतो आणि तो समोरच्यापुढे हात करतो, बरोबरी घे म्हणून. समोरचा घेत नाही आणि हरतो. (खऱ्या स्पर्धेत मी जॉशला समज दिली असती. आपली चाल करायची, बरोबरी विचारायची आणि घड्याळ दाबायचं, एवढंच. 'तू हरलायस, तुला कळलं नाहीये' ही भाषणबाजी चालत नाही.) पालकांना हॉलबाहेर काढल्यावर मुलं टाळ्या वाजवतात, तो प्रसंग मात्र शंभर टक्के खरा वाटतो. त्या टाळ्या मी ऐकल्यात.

बुद्धिबळावरचा दुसरा, मीरा नायर यांचा 'क्वीन ऑफ कात्वे' (2016). युगांडातली फिओना मुटेसी. ती ऑलिंपियाडला जाते, तिथे हरते आणि खचते. पण झोपडपट्टी, पूर, बहिणीची परवड हेही त्यात आहे, तेव्हा धाकट्याच्या प्रश्नांना उत्तरं तयार ठेवा.

मागची_खुर्ची:
'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997), माजिद मजिदींचा. माझ्या मते या विषयावर याच्या वरचा सिनेमा नाही, आणि तो स्पर्धेचा सिनेमा आहे हे शेवटच्या भागापर्यंत कळतही नाही. अली नावाच्या मुलाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, मग दोघं त्याच्या एकाच जोडीवर शाळा करतात, ती सकाळची, तो दुपारचा. धावण्याच्या शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचं असतं. म्हणून त्याला तिसराच यायचंय! दोघांना पुढे जाऊ देतो, मग पडतो, उठून जिवाच्या आकांताने पळतो आणि पहिला येतो. गुरुजी त्याला खांद्यावर घेऊन नाचताहेत आणि हा रडतोय. फारसी आहे, पण सासूबाईंना सांगावं लागणार नाही, चेहऱ्यांवरूनच कळतं. दीड तासात संपतो.

सारीपाट:
तिसरा यायचंय म्हणून पळणारा मुलगा! हाच आधी. 'दंगल' दाखवू का? घरात सगळ्यांचं मत तेच पडतंय.

पटपंच:
सिनेमा म्हणून भारी, पण या मुलीला आत्ता नाही. पहिला अर्धा भाग म्हणजे बापाची जिद्द मुलींच्या डोक्यावर. शिवाय शेवटची लढत सेकंदासेकंदाने ताणलीय. प्रत्यक्षात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली गीताची अंतिम कुस्ती तशी अटीतटीची झालीच नव्हती. तिला वाटेल सगळ्याच स्पर्धांत असा जीव टांगणीला लागतो.

उलटी_गिनती:
धाकट्यासाठी 'कार्स' (2006), बोलत्या गाड्यांचा ॲनिमेशन सिनेमा. मॅक्वीन ही शर्यतीची गाडी. तो जिंकायच्या बेतात असतो, रेषेच्या अलीकडे थांबतो आणि अपघात झालेल्या म्हाताऱ्या किंगला ढकलत शर्यत पूर्ण करून देतो. कप तिसराच घेऊन जातो आणि त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

आणि मोठ्यांसकट हसायचं असेल तर 'कूल रनिंग्ज' (1993). बर्फ न पाहिलेले जमैकाचे चौघं 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकला बॉबस्लेड, म्हणजे बर्फाच्या घसरणीवरून पळणारी गाडी, घेऊन जातात. शेवटच्या फेरीत गाडी उलटते, मग ते ती खांद्यावर घेऊन रेषा ओलांडतात. खऱ्या संघाचीही गाडी उलटली होती, पण ते तिच्या बाजूने चालत गेले. खांद्याचा भाग सिनेमाचा. एक बारमधली हाणामारी आहे, तेवढं सोडलं तर निर्धास्त.

मागची_खुर्ची:
'लगान' कोणीच कसा सांगितला नाही?

सारीपाट:
पावणेचार तास आहे हो. धाकट्याला फक्त सामना दाखवतो, सासूबाई पूर्ण बघतील, त्यांना गाण्यांसकट पाहिजे. शनिवारी बूट, रविवारी 'कार्स'. बुद्धिबळाचा शाळेला सुट्टी लागल्यावर. पटपंच, सिनेमातल्या पटावरच्या स्थिती खऱ्या असतात का? ती पहिलं तेच तपासणार.

पटपंच:
शेवटच्या डावाची स्थिती मांडून बघण्यासारखी आहे. पट शेजारी घेऊनच बसा. पॉज करू द्या तिला, इतरांनी कुरकुर केली तरी.