मानशीची पावणी हॅश टाकून केली तर चालेल का?

खाजनकार: आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीची (बांधातलं भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, तिथली मासळी धरायचा हक्क) पावणी म्हणजे लिलाव दरवर्षी तोंडी होतो, चार-पाच जण आधीच आपसात ठरवून येतात, एकटा बोलतो बाकीचे गप्प, आणि बांधदुरुस्तीला पैसा कमी पडतो. माझा प्लॅन असा की प्रत्येकाने आपल्या रकमेचा शा-२५६ हॅश (आकड्यावरून निघणारा ठसा, त्यावरून आकडा थेट उलटा काढता येत नाही) ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांचे आले की आकडे उघड करायचे. यात भोक कुठे आहे?

बिट_फोंडा: नुसत्या रकमेचा हॅश म्हणजे उघडीच बोली रे. दहा लाखांच्या आतले सगळे आकडे हॅश करून बघायला साध्या लॅपटॉपला काही सेकंद पुरतात, तेव्हा हॅश करण्याआधी रकमेपुढे १२८ बिटांचा गुपित रँडम नंबर लाव, म्हणजे असं अंदाजाने शोधता येणार नाही. आणि उघडायच्या वेळी कोणी गप्प बसला तर काय? टोळी एक मोठी आणि एक छोटी बोली टाकणार, छोटीवरच भागतंय असं दिसलं की मोठीवाला फोन बंद करून बसेल. अनामत आधी घे, उघडलं नाही तर जप्त, आणि ती भरपूर ठेव नाहीतर बुडवणंच परवडेल.

चोडणची_फेरी: गुपित बोलीचा खरा फायदा टोळी फोडण्यात आहे. तोंडी पावणीत कोण फुटला ते तिथल्या तिथे दिसतं, मग बाकीचे त्याच्यावर चढवतात. पण तू शेवटी सगळ्यांचे आकडे ग्रुपवर टाकणार, म्हणजे पुढच्या वर्षी फुटणाऱ्याला गावात त्रास आहेच. डेन्मार्कमध्ये २००८ साली बीटच्या शेतकऱ्यांचा लिलाव झाला त्यात तीन सर्व्हर होते, एक साखर कंपनीचा, एक शेतकरी संघटनेचा, एक संशोधकांचा, आणि कोणाचीही बोली एकट्या कुणाला दिसत नव्हती, बाहेर आला तो फक्त भाव.

खाजनकार: तीन सर्व्हर?? आमच्या ऑफिसात प्रिंटर चालत नाय ओ.

वायंगण: गणित करा हो, पण पावणी जिंकल्यावर काय होतं ते कोणीच बोलत नाही. जास्त बोली लावलेला माणूस पैसे वसूल करायला भरतीला मानशीची दारं उघडी ठेवतो, खारं पाणी आत, मासळी त्याची आणि शेत आमचं गेलं. बोली जेवढी वर चढवाल तेवढा हा मोह वाढणार. अर्धी अनामत भात कापेपर्यंत देऊ नका.

खाजनकार: हे पटलं. पण पाणी कोणी सोडलं ते ठरवणार कोण, कमिटीत दोघे पावणीवालेच आहेत.