सगळेच पटतात म्हणजे कुणीच बायसेक्शुअल नाही? साफ चूक

रात्रपाळी_गेमर: काल इथे एकाने लिहिलंय की बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधले साथीदार, आपलं पात्र बाई घ्या नाहीतर पुरुष, प्रेमात कुणालाही पटतात, म्हणजे ते बायसेक्शुअल नाहीतच, नुसता डेव्हलपरचा आळस. डोकं फिरलं वाचून. अरे २००९ च्या ड्रॅगन एज ओरिजिन्स गेममधली लेलियाना आठव ना, आपला वॉर्डन (म्हणजे आपण खेळतो ते पात्र) पुरुष असला तरी मार्जोलेन नावाच्या बाईशी तिचं जुनं प्रेमप्रकरण तसंच राहतं. हा आळस?

कोकणातला_मेज: ती पोस्ट माझीच. आता ड्रॅगन एज २ मधला अँडर्स घे. हॉक, म्हणजे त्यातलं आपलं पात्र, पुरुष असला तर सांगतो की कार्ल माझा प्रियकर होता, बाई असली की त्यावर चकार शब्द नाही. खेळणाऱ्याच्या सोयीने माणसाचा भूतकाळच गायब! याउलट ड्रॅगन एज इन्क्विझिशनमधला डोरियन, त्याला पुरुष आवडतात म्हणून बापाने त्याला ब्लड मॅजिकने (रक्ताच्या जादूने) बदलायचा घाट घातला होता, तो सगळ्यांना पटला असता तर त्या कथेत राहिलं काय?

रात्रपाळी_गेमर: डोरियन गे आहे आणि तसाच हवा, त्यावर वाद कुणी घातला? सायबरपंक गेममधला केरी बघ. लग्न झालेलं, मुलं आहेत, तरी व्ही, म्हणजे आपलं पात्र, बाई असली की प्रेमाचं दार बंद. ते चालतं का तुला?

शुद्धलेखन_काकू: कालच्या पोस्टमध्ये 'उभयलिंगी' लिहिलंय ते आधी सुधारा. उभयलिंगी जास्वंदाचं फूल असतं, माणसाला उभयलैंगिक म्हणतात.

कोकणातला_मेज: काकू, लोकांना कळतं हो.

शुद्धलेखन_काकू: नाही कळत! माझ्या भाच्याने घरी 'मी उभयलिंगी आहे' असं सांगितलं तेव्हा त्याच्या आईला वाटलं शरीरात काही दोष आहे, थेट डॉक्टरकडे घेऊन गेली त्याला. एका शब्दापायी पोराचे दोन महिने गेले.

रात्रपाळी_गेमर: मग 'बाय' म्हणा ना सरळ, मराठी शब्दासाठी अडलंय कुणाचं?

शुद्धलेखन_काकू: आमच्या गावात बाय म्हणजे बाई. तुम्ही सांगा समजावून त्याच्या आजीला.

सातवा_मजला: मी बाय आहे, नवरा पुरुष, लग्नाला पाच वर्षं झाली. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणते, आता लग्न झालं ना, कशाला उकरून काढतेस. सासरी मी माझ्या आधीच्या प्रेयसीचं नाव काढत नाही. त्यामुळे अँडर्स गप्प बसतो तेव्हा मला तो खोटा वाटत नाही, फार ओळखीचा वाटतो.

कोकणातला_मेज: ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण ते तुम्ही त्यात वाचताय, लेखकाने लिहिलेलं नाही. तो लपवतोय हे दाखवणारं एक तरी वाक्य हवं होतं.

सातवा_मजला: हवं होतं, हे मान्य. पण म्हणून तो बाय नाही, हा निकाल तुम्ही कसा लावलात? मलाही हेच ऐकवतात.

कोकणातला_मेज: बरं, 'नाहीतच' हा शब्द मागे घेतो. लेलियानाचंही मान्य. अँडर्सचं लिखाण कच्चंच आहे, तिथून हलणार नाही.

शुद्धलेखन_काकू: आणि उभयलिंगी?

कोकणातला_मेज: बदलला, काकू.