फुगाझी ५ डॉलरच्या तिकिटात बँड चालवायचे कसे?

उद्यमनगरचा_बेस:
भावांनो एक विचारायचंय. आम्ही चौघं उद्यमनगरात मित्राच्या वडलांच्या लेथच्या शेडमध्ये प्रॅक्टिस करतोय, सातला मशीन बंद झाली की मग. बेस गिटार मी शिकलो तीच फुगाझी या अमेरिकन पंक बँडच्या बेसवाल्या जो लॅलीला ऐकून ऐकून. आता पहिला शो करायचाय आणि तिकिटावरनं भांडण लागलंय, एकजण म्हणतोय ३०० ठेवूया, मी म्हणतोय ५० च्या वर नको, कॉलेजची पोरं येणारच नाहीत. फुगाझी तर साधारण ५ डॉलरच घ्यायचे, मग त्यांचं भागायचं कसं? मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. नीट माहिती असेल तर सांगा.

रंकाळ्याकाठी:
याची सुरुवात फुगाझीच्या आधी हाय. १९८० ला वॉशिंग्टनमध्ये इयन मॅकायचा, म्हणजे पुढं फुगाझीत गायचा त्याचा, टीन आयडल्स म्हणून बँड होता, शाळकरी पोरं सगळी. शोचे पैसे वाटून न घेता साठवायचे, तालमीच्या वर्गणीच्या डब्यासारखे. बँड मोडला तेव्हा सहाशे डॉलरच्या वर जमलेले, ते चौघांत वाटायचं सोडून त्यातनं स्वतःची रेकॉर्ड काढली, १००० कॉप्या, आणि कव्हरं घरात बसून कापली, दुमडली, चिकटवली. तीच डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स कंपनी. म्हणजे १९८७ च्या ३ सप्टेंबरला फुगाझीचा पहिला शो झाला तेव्हा कंपनी त्यांच्या घरचीच होती. मला त्या कव्हरांचं लय कौतुक वाटतं, खरं सांगतो.

गिटार_शाहूपुरी:
वरच्या दादांचं बरोबर, पण भागायचं ते मुख्य म्हणजे खर्च कमी म्हणून. शो स्वतः ठरवायचे, व्हॅनमधनं फिरायचे, मधे खाणारा कोणी नाही. टीशर्टसुद्धा विकले नाहीत. अशा हिशोबावर २००२ पर्यंत १००० च्या वर शो केले, आणि स्वतःच्या गावातले तर बहुतेक कुठल्यातरी मदतीसाठी नाहीतर निषेधाचे, १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाच्या विरोधात व्हाइट हाउससमोर भर थंडीत वाजवलेलं. आणि पुढं येऊन दुसऱ्याला लाथाबुक्क्या घालणारा कोण दिसला की गाणं थांबवून त्याला ५ डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे आणि बाहेर काढायचे. तिकीट स्वस्त म्हणून कुणी कसंही वागावं हे त्यांना चालायचं नाही.

राजारामपुरी_ताई:
एक राहिलं. त्यांचे शो सगळ्या वयाच्या पोरांना खुले असायचे आणि मला वाटतं तिकिटापेक्षा हे मोठं. तिकडं दारू मिळते त्या क्लबात लहान पोरांना घेत नाहीत. टीन आयडल्स सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले तेव्हा तिथल्या क्लबनं त्यांच्या हातावर काळी फुली मारली, याला दारू देऊ नका म्हणून, मग तीच युक्ती त्यांनी वॉशिंग्टनच्या क्लबला सांगितली, फुली मारा पण आत घ्या. माझा भाऊ नववीत आहे, दिवसभर हेडफोन लावून हेच ऐकतो. तुमचा शो रात्री बारमध्ये ठेवला तर तो येणार कसा? दुपारी ठेवा, एखादा छोटा हॉल बघा.

उद्यमनगरचा_बेस:
ताई हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच तिघांना वाचून दाखवलं. रविवारी दुपारी चार, तिकीट ५०, ३०० वालापण तयार झाला पण म्हणाला साउंडचं भाडं कुठनं काढायचं ते तू बघ. मंडळाचा डॉल्बी नकोय, दोन साधे स्पीकर आणि एक मिक्सर कमी भाड्यात देणारं कोण हाय का ओळखीचं?

गिटार_शाहूपुरी:
मिक्सर माझा घेऊन जा. स्पीकरचं उद्या सांगतो.