मदत हवी आहे : खरं जुनं पितळ कसं ओळखायचं, नाशकात कुठे शोधायचं?

नमस्कार मंडळी, मला जुनी तांब्या-पितळेची भांडी जमवायचीयेत, खरी जुनी, नवीन करून काळी केलेली नकोत. बुधवारी गंगेवरचा (म्हणजे गोदाकाठचा) बाजार बघते, भांडी बाजारात पण मोडीत आलेली असतात, पण आपण पोचेपर्यंत चांगला माल वितळवायला गेलेला असतो, फार जीव तुटतो हो. मागे एक कडीचा डबा मिळाला, झाकणावर ठिपके टोचून कुणा बाईचं नाव घातलेलं, आत थोडी कलई (कथलाचा थर) शिल्लक, इतकं सुंदर काम!

लोहचुंबक लावून बघते, चिकटलं की आत लोखंड आणि वर नुसता मुलामा हे कळतं, पण पितळ जुनं की नवं ते कशावरून ठरवता? जोड, वजन, ठोक्यांच्या खुणा, काय बघता? जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे उतरवतात तेव्हा आतलं सामान मालक थेट विकतात का, की सगळं एकदम भंगारवाल्याला जातं? आणि डब्यात चिंच ठेवायचीये, पितळेत आंबट कळकतं म्हणून आधी कलई करून घ्यायचीये, तर हाताने कलई करणारे नाशकात सध्या कुठे बसतात तेवढं सांगा प्लीज.