ऐन वेचणीत सिनेमा पाहायला धरमशाळेला जावं का?

चावडी_टॉकीज
मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात आम्ही अधूनमधून सिनेमा दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर, लग्नाच्या डीजेवाल्याकडून मागून आणलेले स्पीकर, आणि लाइट गेली की अर्धा तास चहा. यंदा आमच्यातल्या पाच जणांच्या डोक्यात धरमशाळेचा सिनेमा महोत्सव बसला आहे. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात, धौलाधारच्या पायथ्याशी, 2012 पासून रितू सरीन आणि तेनझिंग सोनम हे जोडपं तो भरवतं. स्वतंत्रपणे काढलेले सिनेमे, माहितीपट, लघुपट. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, एवढ्यात कधीतरी असतो, तारखा दरवर्षी थोड्या सरकतात.

नागपूरहून दिल्ली, तिथे कश्मीरी गेटवरून रात्रीची बस, सकाळी धरमशाळा. स्लीपर आणि साधी बस धरली तर जाण्यायेण्याचं माणशी तीन हजारांच्या आसपास बसेल. राहणं-खाणं वेगळं. रेल्वेचं आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे पोळ्यापर्यंत ठरवावंच लागेल.

माझं मत जावं असं आहे. घरचे नको म्हणतात. तुम्ही बोला.

पऱ्हाटीवाला
घरचे बरोबर म्हणतात. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा सुरू झालेला. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर ऑटो पाठवून दुसऱ्या गावाहून आणा लागते. वरून एक अवकाळी आला की बोंडातला कापूस पिवळा पडला म्हणून व्यापारी भाव पाडतो. गेल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 कागदावर होता, बाजारात काय मिळाला ते तुलेबी माहीत हाय. अशात पाच पोट्टे पहाडात सिनेमा पाह्यले चालले. मोबाइलवर पाय ना बाप्पा, कंबलात बसून!

थुक्पा_आणि_ठेचा
मी नोकरीनिमित्त दिल्लीत होते तेव्हा जाऊन आले आहे, म्हणून लिहिते. मोबाइलवर पाहण्यासारखे बरेच सिनेमे तिथे नसतातच. काही नंतर कुठल्याही थिएटरात लागत नाहीत, कुठल्या ॲपवरही येत नाहीत. खेळ संपला की दिग्दर्शक समोर उभा राहतो आणि लोक त्याला अगदी सरळ विचारतात, "हे दृश्य एवढं लांबवलं कशाला?" मला सगळ्यात जास्त ते आवडलं.

आता त्रासाचं. अलीकडे महोत्सव मॅक्लोडगंजच्या वर, तिबेटी मुलांच्या शाळेच्या आवारात भरतो. मॅक्लोडगंजमध्ये खोली घेतली तर रोज दोन-तीन किलोमीटर चढ आहे. पास असला तरी जागा आधी येईल त्याला, म्हणून प्रत्येक खेळाआधी रांग. दिवसा उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत दात वाजतात. शेवटचा खेळ सुटला की टॅक्सीसाठी नुसती झोंबाझोंबी. कानटोपी, बंद बूट, टॉर्च न्या. स्पोर्ट्स शूजवर भागेल हा भ्रम सोडा.

एक गंमत, तिथे हवा भरून उभं केलेलं फिरतं थिएटर असतं. बाहेरून मोठा फुगा, आत शिरलं की व्यवस्थित खुर्च्या आणि पडदा. जत्रेतल्या तंबू टॉकीजचं नातवंडच.

झाडीपट्टीकर
ताई, तंबूच पाह्यचा तर वडशाले ये की! भाऊबीज झाली की आमची नाटकं सुरू. देसाईगंज-वडशाच्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी जातात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडते आन् पहाटंपर्यंत माणूस हलत नाही. थंडी म्हणाल तर गोंदियात डिसेंबर-जानेवारीत जी पडते ती सोसून दाखवा, मंग धरमशाळेचं कौतुक सांगा. मंडईची जत्रा, शंकरपटातली बैलांची शर्यत, नाटक, एका फेरीत तिन्ही होते. आमचे नट परशुराम खुण्यांले 2023 ची पद्मश्री याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी भेटली. आपल्या घरची कला सोडून दुसऱ्याच्या डोंगरावर रांग लावाले जाता, याचंच मले नवल वाटते.

चावडी_टॉकीज
भाऊ, झाडीपट्टीची नाटकं मी पाहिली आहेत, पुन्हाही पाहीन. पण ती पाहिली म्हणून माहितीपट पाहायचा नाही, हा न्याय मला कळत नाही. तुमच्या वडशाच्या नटाला कोणी विचारतं का, "तू पुण्याची नाटकं पाहायला कशाला जातोस?"

गुलाबी_थंडी
थंडीची एवढी चर्चा करता आणि नोव्हेंबरला जाता? तेव्हा मॅक्लोडगंजला बर्फ नसतो, लांबच्या शिखरांवर दिसतो तेवढाच. खरा हिवाळ्यातला महोत्सव अमेरिकेतला सनडान्स, भर जानेवारीत, बर्फात. 1981 पासून पार्क सिटीत होता, 2027 पासून कोलोरॅडोतल्या बोल्डरला जातो आहे.

पऱ्हाटीवाला
हो, तिथं जाऊ. दोन एकर काढू इकायले.

शकुंतलेचा_प्रवासी
वादात पडत नाही, मार्गाबद्दल सांगतो. दिल्लीला उतरून बस पकडण्यापेक्षा नागपूरहून पठाणकोट कँटला थेट जाणारी गाडी पाहा. आठवड्यातून ठराविक दिवशीच असते. लांब पडते, पण दिल्लीत सामान घेऊन धावपळ नाही. पठाणकोटहून धरमशाळेला बसने तीनेक तास. कोणी तुम्हाला कांगडा खोऱ्यातली छोटी गाडी सुचवेल, तर निघण्याआधी ती कुठून कुठपर्यंत चालू आहे ते विचारून घ्या. ऑगस्ट 2022 च्या पुरात चक्की नदीवरचा तिचा पूल कोसळला होता. रुळांची रुंदी आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीचीच, अडीच फूट. त्यांचा पूल पडला म्हणून देशभर बातमी झाली. आपली अख्खी गाडी थांबली तर दारव्हा स्टेशनवर बाभळी वाढल्या. असो, विषय तो नाही.

विराटनगरी
मी अमरावती जिल्ह्यातला. माझा सरळ प्रस्ताव: पाच जणांचा खर्च वाचवा आणि त्याच पैशात चिखलदऱ्याला जानेवारीत दोन दिवसांचा महोत्सव करा. डोंगर आहे, 1,100 मीटरची उंची आहे, धुकं आहे, महाराष्ट्रात दुर्मीळ असलेली कॉफीची लागवड आहे. एक हॉल भाड्याने घ्या, मेळघाटातल्या कोरकू पोरांना बोलवा. शंभर माणसं पाहतील. धरमशाळेला पाच.

चावडी_टॉकीज
विराटनगरी, प्रस्ताव झकास. पण दाखवणार काय? मूळ अडचण तीच आहे आणि मी पहिल्यांदा ती नीट मांडली नाही. पेन ड्राइव्हवर कुठून तरी उतरवलेला सिनेमा सभागृहात दाखवणं म्हणजे चोरीच. टीव्हीवर येणारा सिनेमा लोक घरीच पाहतात, त्यासाठी कोणी सभागृहात येत नाही. आम्हाला हवे आहेत ते छोटे सिनेमे, जमिनीवरचे, गावावरचे, ज्यांना प्रेक्षक मिळत नाही. ते काढणाऱ्यांचे पत्ते मोठ्या कंपन्यांकडे नसतात. ई-मेल पाठवून पाहिले, उत्तर येत नाही. धरमशाळेला ती माणसं चहाच्या टपरीवर शेजारी उभी असतात. तिथे सांगायचं की साहेब, आमच्या गावात तुमचा सिनेमा दाखवतो, तिकीट नाही, नाक्यावरून न्यायला मोटरसायकल पाठवू. सगळे नाही म्हणणार नाहीत.

थुक्पा_आणि_ठेचा
हे पटलं. पण एक पाचर मारते. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, म्हणून तिथे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविना सिनेमे दाखवता येतात. ती सूट ग्रामपंचायतीच्या सभागृहाला आपोआप लागत नाही. दिग्दर्शक हो म्हणाला म्हणजे काम फत्ते असं समजू नका. पहिला प्रश्न हाच विचारा, की प्रमाणपत्र आहे का.

पऱ्हाटीवाला
पाय, म्हणजे तिथं जाऊन हो म्हणवून आणा, मंग इथं कायद्याचं कागद शोधा. आन् तोवर कापूस वाऱ्यावर. एकाले पाठवा ना. पाच कायले? एकजण बोलन, बाकी चौघं मोमो खातीन.

झाडीपट्टीकर
या बाबतीत पऱ्हाटीवाल्याशी सहमत. कंपनीचा मॅनेजर एकटाच ठेका घ्याले जाते, अख्खी कंपनी नाही.

चावडी_टॉकीज
एकट्याने काय पाहिलं ते बाकीच्यांना सांगून कळत नाही. निवड करायची तर चार डोळे तरी हवेत. तीन जणांवर येतो, याच्या खाली नाही. ज्यांची तूर उभी आहे आणि कापूस कमी आहे ते जातील.

शाळेतल्या_बाई
सगळं वाचलं. मी याच तालुक्यातली, तुमच्या सभागृहात दोनदा येऊन बसले आहे. पाचाचे तीन झाले, कापूस, कायदा, शकुंतला, सगळं निघालं. आधी पाच पुरुष होते, आता तीन पुरुष आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या खेळांना बाया का येत नाहीत, असं तुम्हीच मागे विचारत होतात. सिनेमे निवडणारे तुम्ही, वेळ रात्री नऊची, आणि मागे बसायला सतरंजीचा एक तुकडा. माहितीपटात कापूस वेचणारी बाई दिसली तर तो सिनेमा नीट आहे की नाही हे वेचणाऱ्या बाईपेक्षा तुम्हाला जास्त कळणार आहे का?

मला आणि बचतगटातल्या एकीला यायचं आहे. खर्च आमचा आम्ही करू. दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, मला रजेची भानगड नाही. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, भाऊबीज 11 ला. महोत्सवाच्या तारखा आधीच्या निघाल्या तर फराळाचं घरी आधी करून ठेवू, नाहीतर यंदा घरच्यांनी चिवडा विकत आणावा. पोळ्यापर्यंत ठरवायचं आहे ना, मग आमची नावं आजच लिहा.

चावडी_टॉकीज
बाई, लिहिली. पुन्हा पाच.

पऱ्हाटीवाला
झालं. वेचाईच्या दोन बाया अजून कमी.